टिचबटणं लागेनाशी झाली की

प्रश्न: माझा मुलगा २० महिन्यांचा आहे. उंची ८७ सेंटिमीटर, वजन साडेअकरा किलो. अंगाने बारीक, पण लांबोडका. अजून मी त्याला खाली टिचबटणं असलेले बॉडीसूटच घालते. आता '१८ ते २४ महिने' लिहिलेलेही खेचून लावावे लागतात आणि जांघेत लाल वळ उठतात. टी-शर्ट घालून पाहिला, तर कडेवर घेतल्याबरोबर पाठ उघडी. सासूबाई म्हणतात, डिसेंबर लागला, स्वेटर-कानटोपी चढवा. नवरा म्हणतो, मुंबईत कसली आलीय थंडी. रात्री एसी लागतो तो वेगळाच. शिवाय संक्रांतीनंतर निफाडला, माझ्या माहेरी, त्याचं बोरन्हाण आहे आणि तिथे पहाटे हुडहुडी भरते. बॉडीसूट कधी बंद करायचे, आणि मग उबेसाठी काय घालायचं?
— एक आई, बोरिवली

उत्तर: हे बॉडीसूट आजच बाजूला काढा. जांघेत वळ उठतोय, एवढं कारण पुरे. काही मुलांना वळ उठत नाही. त्यांच्या बाबतीत गळ्याकडे पाहावं. बटणं लावल्यावर गळा खाली ओढला जाऊन मानेखालचं हाड दिसायला लागलं, की लांबी संपली.

लेबलवरचं वय म्हणजे कपडा बेतणाऱ्याने डोळ्यांपुढे धरलेलं सरासरी मूल. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात मुलग्याची मधली उंची पहिल्या वाढदिवसाला साधारण ७६ सेंटिमीटर असते आणि दुसऱ्याला ८७च्या आसपास. मुलींची त्याहून थोडी कमी. तुमचा मुलगा दोन वर्षांच्या मुलाची उंची आत्ताच गाठून बसलाय. म्हणजे लेबलवर २४ असलं तरी त्याच्यापुरता त्या मापाचा शेवट आला. याउलट एखादी ठेंगणी, गुटगुटीत मुलगी तोच कपडा अडीच वर्षांपर्यंत आरामात घालेल.

बॉडीसूट रुंदीला क्वचितच कमी पडतो, कमी पडतो तो धडाच्या लांबीला. ती मोजायची रीत अशी. मुलाला डायपर घालून उभं करा. शिंप्याची टेप मानेलगतच्या खांद्यावर धरा, छाती-पोटावरून खाली आणून डायपरखालून पाठीमागे न्या आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणा. आता बॉडीसूटची बटणं लावून तो टेबलावर न ताणता पसरा, खांद्यापासून जांघेच्या टोकापर्यंत मोजा आणि त्याची दुप्पट करा. हा आकडा मुलाच्या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरने मोठा हवा. बरोबरीचा आला, तर सकाळी बसलेला कपडा रात्री भरलेल्या डायपरवर बसणार नाही. कापडी लंगोट वापरत असाल, तर आणखी जागा धरा.

बॉडीसूटला खाली जोडायची वाढीव पट्टीही मिळते, एका बाजूला टिचबटणांचे नर, दुसऱ्या बाजूला माद्या. तिने पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. पण छातीत आणि बाहीत कपडा अजून सैल असेल तरच तिचा उपयोग, आणि तोही महिना-दोन महिन्यांपुरता. दोन कंपन्यांची टिचबटणं एकमेकांत बसतातच असं नाही, म्हणून पट्टी घ्यायला जाताना एक बॉडीसूट सोबत न्या. तुमच्या मुलाची वाढ पाहता या भानगडीत पडू नका.

त्याच्या मापाचे, म्हणजे ९२ किंवा ९८ आकड्याचे बॉडीसूटही काही कंपन्या विकतात (हे आकडे सेंटिमीटरमधल्या उंचीचे). पण २० व्या महिन्यात ते नव्याने घेण्यात शहाणपण नाही. दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलं शी-शू सांगायला लागतात, आणि तेव्हा खालची बटणं म्हणजे अडथळ्यांची शर्यत. शिवाय हे मूल आता डायपर बदलायला आडवं राहायचं नाही. उभ्या-उभ्या चढवायचा पँटसारखा डायपर आणि वर सुटी पँट, हेच त्याच्या वयाला जुळतं. अपवाद एकच. काही मुलांना डायपर ओढून काढायची खोड असते, त्यांना रात्रीपुरता मोठा बॉडीसूट किंवा अंगभर एकसंध रात्रीचा सूट घालणं भाग पडतं.

जुन्यांतले जे दोन सर्वांत सैल असतील ते मात्र जपून ठेवा. बॉडीसूटच्या खांद्यावर कापडाच्या दोन पाकळ्या एकमेकींवर आलेल्या असतात. त्या असतात गळा रुंद होऊन कपडा खांद्यावरून खाली, पायांकडून काढता यावा म्हणून. जुलाब होऊन पाठीपर्यंत सगळं माखलं, की टी-शर्ट डोक्यावरून काढताना केस, कान, सगळंच बरबटतं. अशा दिवसापुरता घट्ट बॉडीसूटही, खालची बटणं उघडी ठेवून वर पँट घातली, तर चालतो.

आता उघड्या पाठीचं. बॉडीसूट ऊब देतो तो कापडाच्या जाडीमुळे नव्हे. तो खाली अडकवलेला असल्यामुळे वर सरकत नाही, पोट आणि कंबर कायम झाकलेली राहते, एवढंच त्याचं कर्तृत्व. तो काढून त्याच जाडीचा टी-शर्ट घातला की मूल वाकतं, चढतं, कडेवर येतं आणि प्रत्येक वेळी कमरेभोवती वीतभर जागा उघडी पडते. त्यावर स्वेटर चढवला तरी तो टी-शर्टबरोबरच वर जातो.

यावर उपाय आहे लांब गंजी. सुती, होजिअरीची, अंगासरशी बसणारी आणि खांद्यापासून मोजली तर कुल्ल्यांच्या खालपर्यंत येणारी. बनियनवर छापलेला ४५, ५०, ५५ असा आकडा बहुधा छातीच्या घेराचा, सेंटिमीटरमधला असतो. तुमच्या मुलाला ५०ची बसावी, पण त्याची छाती मोजूनच घ्या आणि लांबी दुकानातच टेप लावून बघा. कारण एकाच आकड्याच्या दोन गंज्यांत लांबीचा चांगला फरक निघतो. होजिअरी पहिल्या धुण्यात आटते, आणि आटते ती जास्त करून लांबीतच. तेव्हा दोन-तीन सेंटिमीटर जास्तीचे धरा. बारीक मुलासाठी उभ्या रेघांच्या रिब विणीची गंजी चांगली, अंगाला धरून राहते.

गंजी घातली, डायपर चढवला, गंजी डायपरच्या *बाहेरून* खाली ओढली आणि तिच्यावर पँट घातली, या क्रमाने. इथे घाईत हमखास चूक होते. गंजीचं टोक डायपरच्या आत अडकलं, की सुती कापड वातीसारखं काम करतं. तासाभरात ओल पोटावर चढते आणि रात्रभरात छातीपर्यंत. सकाळी डायपर कोरडा वाटतो, गंजी चिंब असते आणि आपण डायपरच्या कंपनीला नावं ठेवत बसतो. डायपर चढवला की कमरेभोवती एकदा बोट फिरवा, आत गेलेलं टोक हाताला लागतं.

पँटची कंबर उंच हवी, बेंबीच्या वर येणारी, आणि रबरी पट्टा रुंद. दोन बोटं सहज आत गेली पाहिजेत. नाहीतर बॉडीसूटचा जांघेतला वळ पोटावर आला एवढाच फरक. नाडी, चेन, बक्कल नको. डुंगरीने कंबर फार छान झाकली जाते, पण शी-शू शिकवायला घेतलंत की दोन्ही खांद्यांचे हुक सोडवेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. आता चार-सहा महिने घाला, मग बंद करा.

सासूबाई आणि यजमान यांच्यात निकाल द्यायचा, तर दोघंही खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळी. जानेवारीत सांताक्रूझच्या वेधशाळेत सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असतं, कुलाब्याला त्याहून दोनेक अंश जास्त. आणि दुपारी पारा ३०-३१ वर जातो. राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला तुमच्याकडे पहाट आणखी थोडी गार. (२२ जानेवारी १९६२ला सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले होते, तेव्हा 'मुंबईत कसली थंडी' हे वाक्य जरा जपून.) सकाळी सात आणि दुपारी एक यांत १३-१४ अंशांचं अंतर म्हणजे एका जाड स्वेटरने हा दिवस निभणार नाही. पातळ कपडे एकावर एक घालायचे आणि ऊन चढेल तसे उतरवायचे. दोन कापडांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरते, म्हणून दोन पातळ कपडे एका जाडापेक्षा बरे.

सकाळी बागेत नेताना लांब गंजी, पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट आणि वर बिनबाह्यांची बंडी, हाफ स्वेटर असेल तर तोही चालेल. मुंबईला बंडीसारखा कपडा नाही. छाती-पाठ झाकलेली राहते, काखेतून वाफ निघून जाते, आणि पुढून चेन असली तर मूल झोपेत असतानाही काढता येते. साडेनऊला बंडी उतरवा. दुपारी अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट पुरे, आत गंजीही नको. दिवेलागणीला पुन्हा पूर्ण बाह्या.

रिक्षा हे वेगळं प्रकरण आहे. दोन्ही बाजूंनी मोकळी, आणि विणलेल्या स्वेटरच्या भोकांतून वारा आरपार जातो. पहाटे किंवा रात्री रिक्षात बसायचं असेल, तर स्वेटरपेक्षा पातळ वाऱ्याचं जॅकेट जास्त कामाचं, आणि कानटोपी घालायची ती इथे. सासूबाईंनी विणलेली असेल तर नक्कीच. घरात मात्र ती काढायची, झोपताना तर अजिबात नको. अंगातली जादा उष्णता बाहेर टाकायला डोकं उघडं लागतं.

पुरेसं घातलं आहे का, हे हातापायांवरून ठरवू नका. लहान मुलांचे हात-पाय एरवीही गार लागतात. आपला हात आधी चोळून कोमट करा आणि मानेमागून कॉलरच्या आत, पाठीवर ठेवा. कोमट आणि कोरडं लागलं तर ठीक. ओलसर, चिकट लागलं तर एक कपडा कमी. पाठ आणि छाती गार लागली तरच एक वाढवा. मुंबईत थंडीने गारठलेल्या मुलांपेक्षा घामेजलेलीच जास्त सापडतात. जानेवारीत मानेभोवती घामोळं दिसलं, की समजावं घरात कुणाची तरी माया ऊतू चालली आहे. आणि घाम नुसता त्रास देत नाही. भिजलेली सुती गंजी अंगाला चिकटते, वर पंख्याचा वारा लागतो आणि मूल खरोखरच गार पडतं. खेळून आलेल्या मुलाला आणखी एक कपडा घालण्याऐवजी आतली ओली गंजी बदला. सर्दी विषाणूंमुळे होते, कानटोपी विसरल्यामुळे नाही. हे घरात कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा.

रात्रीचा एसी २४ अंशांवर ठेवा. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना मुळातच २४ वर सुरू होतात, ते खाली आणण्याचं काम आपण करतो. २४ ते २६ मध्ये गंजी आणि पूर्ण बाह्यांचा सुती नाइट सूट पुरतो, कारण या वयाचं मूल पांघरूण अंगावर ठेवतच नाही. गोधडी पायाने ढकलणं आणि आईने ती ओढून घालणं, हा खेळ रात्रभर चालतो. तेव्हा ऊब कपड्यातच असू द्या आणि पांघरूण हलकं ठेवा, दुपट्याएवढं. झोपायची पिशवी वापरत असाल, तर तिच्यावर टॉगचा, म्हणजे ती किती ऊब धरते त्याचा, आकडा असतो: २४ अंशांच्या वर ०.५ पुरतं, २० ते २४ मध्ये १. अडीच टॉगची पिशवी मुंबईत घेऊ नका. पिशवी कोणतीही असो, तिचा गळा मात्र डोकं आत सरकणार नाही असा बेताचा हवा. एसीचा झोत थेट पलंगावर येत असेल तर पाती वर करा, आणि पाठ तपासायची ती झोपवताना नव्हे, पहाटे तीन-चारला, खोली पुरती गार झाल्यावर.

घरात सकाळी फरशी गार लागते म्हणून मोजे घालत असाल, तर तळव्याला रबरी ठिपके असलेलेच घ्या. गुळगुळीत टाइल्सवर साधे मोजे म्हणजे पडण्याचं निमंत्रण. अनवाणी चाललं तरी काही बिघडत नाही.

आता निफाड. थंडीच्या लाटेत तिथला पारा पाच-सहा अंशांवर येतो, त्यामुळे तिथे मुंबईचा हिशेब चालणार नाही. पहाटे अंगणात जायचं तर आत पूर्ण बाह्यांची थर्मल गंजी, त्यावर टी-शर्ट, त्यावर लोकरी स्वेटर आणि वारा असेल तर जॅकेट. खाली थर्मल पायजमा आणि वर मऊ पँट. जीन्स नको, ती गारठते आणि वाकू देत नाही. लोकर थेट अंगाला लागू देऊ नका. ती टोचते, आणि मुलाची त्वचा कोरडी असेल तर खाजवून खाजवून लाल होते. पायांना जाड मोजा एकच. दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला, की आतली हवा दबते आणि पाय जास्त गार पडतात. दहा वाजता ऊन तापायला लागलं की एकेक उतरवायला सुरुवात करा. द्राक्षाच्या बागेत धावणारं पोर स्वेटरात उकडून निघतं. रात्री थर्मल, नाइट सूट आणि एक मऊ गोधडी. घरातली मंडळी खोली ऊबदार करायला शेगडी आत आणतील, तर ती झोपायच्या खोलीत ठेवू देऊ नका. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वासही येत नाही. इथे माहेरची भीड धरायची नाही.

गाडीने जाणार असाल, तर मुलाच्या आसनाचे पट्टे फुगीर जॅकेटवरून लावू नका. धक्का बसला की जॅकेट दबतं, पट्टा ढिला पडतो आणि मूल सटकतं. जॅकेट काढा, पट्टे आवळा, कसारा घाटात गार वाटलं तर पट्ट्यांच्या *वरून* शाल घाला. टोपीला किंवा गळ्याला लोंबणारी दोरी असलेला कपडा एरवीही नको. ती घसरगुंडीत, पाळण्यात, दाराच्या कडीत अडकते.

नवीन काय घ्यायचं? लांब गंज्या सहा, पूर्ण बाह्यांचे टी-शर्ट चार-पाच, उंच कमरेच्या पँट सहा, बंड्या दोन, निफाडसाठी थर्मलचा एक जोड आणि एक स्वेटर. स्वेटर आणि जॅकेट वाढत्या अंगाचं घ्या, बाही दुमडता येते. गंजी मात्र नेमक्या मापाची. सैल गंजी वर गोळा होते आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पानावर.

जुने बॉडीसूट फेकू नका. पायांच्या भोकांच्या वरून आडवं सरळ कापा. राहिलेला भाग गंजी म्हणून आखूड पडतो, म्हणून जुन्या टी-शर्टच्या होजिअरीची, दुमडल्यावर आठ सेंटिमीटर भरेल अशी पट्टी खाली जोडा. मशीनला होजिअरीची गोल टोकाची सुई लावा आणि बारीक झिगझॅग टाका घाला. साध्या सुईने कापडाला भोकं पडतात, आणि सरळ टाका पहिल्यांदा डोक्यावरून ओढतानाच तटतट तुटतो.

माळ्यावरच्या ट्रंकेतून गेल्या पिढीचे स्वेटर निघणार असतील, तर आधी वास घ्या. डांबरगोळ्यांचा वास येत असेल, तर तसेच अंगावर चढवू नका. त्या गोळ्यांत नॅफ्थलीन असू शकतं. ज्या मुलांच्या रक्तात जी-६-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ होते. आणि असं मूल वरून ओळखू येत नाही. कपडे धुवा आणि वास पुरता जाईपर्यंत दोन-तीन दिवस उन्हा-वाऱ्यात टांगा. पुढच्या वर्षी ठेवताना गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा वाळका पाला पुरचुंडीत बांधून ठेवा.

बोरन्हाणाचा काळा पोशाख तयार मिळतो तो बहुतेक सॅटिन किंवा नेटचा, आतून टोचरा आणि ऊब शून्य. त्याच्या आत बंद गळ्याचा, पूर्ण बाह्यांचा सुती टी-शर्ट घाला, काळाच मिळाला तर उत्तम. हलव्याचे दागिने घामेजल्या मानेला चिकटून विरघळतात, त्यालाही हाच टी-शर्ट आड येतो. कार्यक्रम उन्हं असताना, चारच्या सुमारास उरकून घ्या. आणि डोक्यावरून ओतलेल्या लुटीतली बोरं, हरभरे, शेंगदाणे त्याच्या तोंडात जाण्याआधी एका मोठ्या माणसाला नुसतं त्याच्या हाताकडे बघत बसवा. मोठी पोरं लुटीवर तुटून पडली की बाकी सगळे फोटोत गुंतलेले असतात.